फ्रेंच बेड, बंक आणि गुडघे

ब्रिटनमध्ये जुनी कॅरव्हॅन विकायला काढलेल्या माणसाला कारण विचारलं, तर ‘गळते’ किंवा ‘मोडली’ असं उत्तर क्वचितच मिळतं. (असलं तरी तो सांगणार नाही, हा भाग वेगळा.) बहुतेक वेळा कारणं घरगुती असतात. मुलं मोठी झाली, आता बरोबर येत नाहीत. नातवंडं येऊ लागली, त्यांना झोपायला जागा नाही. किंवा, जरा आवाज खाली आणून, रात्री दोनदा उठावं लागतं आणि दर वेळी बायकोला ओलांडून जावं लागतं. गाडी ठणठणीत असते. माणसांची वयं पुढे सरकलेली असतात आणि गाडीतल्या भिंती, कपाटं, बिछाने कारखान्यात ठोकले तिथेच असतात.

कॅरव्हॅन म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगितलेलं बरं. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही कानावर येतो. पण आपल्याकडची कॅरव्हॅन बहुधा स्वतःचं इंजिन असलेली, भाड्यानं मिळणारी गाडी असते. ब्रिटिश ‘टूरिंग कॅरव्हॅन’ला इंजिन नसतं. ती घरच्या मोटारीमागे जोडून न्यायची, मुक्कामाच्या जागी सोडून ठेवायची आणि मोटार घेऊन गावभर हिंडायचं. आत गाद्या, शेगडी, ओव्हन, फ्रिज, हीटर, संडास, शॉवर सगळं. ती लोक विकत घेतात, दारात किंवा भाड्याच्या आवारात ठेवतात आणि काही वर्षांनी देऊन टाकून दुसऱ्या मांडणीची घेतात. भाड्याच्या गाडीत हा प्रश्नच येत नाही. पुढच्या वेळी वेगळी मागवली की झालं. मालकीच्या गाडीत मात्र बिछान्याची जागा बदलायची तर आख्खी गाडी बदलावी लागते.

असं का, ते मापं पाहिली की कळतं. ब्रिटिश नियमांनुसार साध्या मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरची रुंदी २.५५ मीटरच्या वर आणि लांबी, जोडणीचा दांडा सोडून, ७ मीटरच्या वर जाऊ शकत नाही. खेड्यांतले रस्ते आणि घरांची फाटकं अरुंद, म्हणून बहुतेक कॅरव्हॅन सव्वादोन मीटरच्या आसपासच रुंद असतात. अलीकडे अडीच मीटरच्या जवळ जाणाऱ्या निघाल्या आहेत, त्या घेणाऱ्यानं आधी स्वतःचं फाटक मोजावं. एवढ्या जागेत दोन ते सहा माणसांचं निजणं, रांधणं, न्हाणं बसवायचं. कपाटं भिंतींना आणि भिंती कवचाला जखडलेल्या, खाली पाण्याच्या नळ्या, गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा. घरातला पलंग सरकवावा तसा इथला सरकवता येत नाही. शिवाय कुठे किती वजन पडेल याचा हिशेब चाकांच्या जागेशी बांधलेला असतो. मागचं न्हाणीघर काढून तिथे बंक ठोकणारे हौशी लोक आहेत, पण त्यांच्या गाड्या पुढे घ्यायला डीलर तयार होत नाहीत.

चैनीसाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात, त्या ‘वाँडरर’ला ही अडचण नव्हती. नौदलातले माजी शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून बांधून घेतली. १८ फूट लांब, दोन टनांच्या आसपास वजन, महॉगनीचं काम, ओढायला दोन घोडे. पुढे दिवाणखाना, मागे स्वयंपाकाची खोली. बरोबर नोकर, कोचमन, एक दांडगा कुत्रा आणि काकाकुवा. बर्कशरमधल्या ट्वायफर्डहून ते स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. एकट्या सद्गृहस्थाला दिवाणखाना पुरतो. मांडणीचा प्रश्न आला तो या डब्यात कुटुंबं शिरल्यावर. बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनं १९१९ पासून मोटारीमागच्या कॅरव्हॅन बनवायला सुरुवात केली. १९४९ मध्ये सॅम ॲल्परनं ‘स्प्राइट’ काढली, ती मुद्दाम स्वस्त ठेवली, आणि साध्या पगारदार माणसाच्या आवाक्यात ही गाडी आली. वस्तू स्वस्त आणि पुष्कळ झाली की तिचा जुना बाजार उभा राहतोच.

आता आत शिरू. सगळ्यात जुनी आणि ब्रिटिशांच्या मनातून अजून न उतरलेली व्यवस्था म्हणजे पुढच्या मोठ्या खिडकीलगत समोरासमोर दोन लांब सोफे आणि मध्ये खणांचं बुटकं कपाट. दिवसा बैठक. रात्री कपाटाखालून लाकडी पट्ट्यांची चौकट ओढायची, तिच्यावर पाठीच्या उशा ठराविक क्रमानं लावायच्या, की डबल बेड तयार. क्रम चुकला तर मध्ये फट राहते आणि ती कमरेला पहाटेपर्यंत कळत राहते. सोफे सहा फूट लांब असतील तर दोघांनी दोन सोफ्यांवर तसंच आडवं व्हावं, जोडाजोडीची भानगड नाही. म्हणून जाणतं गिऱ्हाईक गाडीत शिरल्याबरोबर बूट काढून सोफ्यावर झोपून बघतं. विक्रेत्यांना त्याची सवय असते.

मध्ये दाराजवळ ओटा. आणि मागच्या भागात काय बसवायचं, यावर बाकी सगळं ठरतं.

मागे पूर्ण रुंदीचं न्हाणीघर ठेवलं, तर ती दोघांची गाडी. आखूड, हलकी, वळवायला सोपी, छोट्या मोटारीलाही झेपणारी. निवृत्त जोडप्यांचा तिच्यावर जीव. रोज बिछाना जोडणं-मोडणं आहे, पण दोन सोफ्यांवर दोघं वेगवेगळे निजत असतील तर तेही नाही.

मागे एकावर एक बंक आणि शेजारी जेवणाचं छोटं टेबल ठेवलं, तर ती लेकुरवाळ्यांची. टेबलाचाही रात्री बिछाना होतो, म्हणून अशा गाडीत सहा जण झोपतात असं कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सहा जणांचे कपडे, बूट आणि पावसात भिजलेली जाकिटं कुठे ठेवायची, ते कागद सांगत नाही. बंक लांबीला आखूड आणि त्यावर किती वजन चालेल याची मर्यादा ठरलेली. चार वर्षांच्या पोराला तो किल्ला वाटतो. चौदाव्या वर्षी त्याचे पाय बाहेर येतात, आणि पंधराव्या वर्षी त्याला आईबापांबरोबर यायचंच नसतं. त्यामुळे बंकवाली गाडी एका घरात फार काळ टिकत नाही. ती सरळ पुढच्या, लहान मुलांच्या घरी जाते.

मुलं येईनाशी झाली की माणसाला रोजच्या जोडाजोडीचा कंटाळा येऊ लागतो आणि कायमच्या पलंगाची स्वप्नं पडू लागतात. जर्मनीत, फ्रान्समध्ये कॅरव्हॅनमधला कायमचा पलंग जुना. ब्रिटिश कारखान्यांनी तो मोठ्या प्रमाणावर उचलला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. त्यातला फ्रेंच बेड म्हणजे मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला डबल बेड, शेजारच्या न्हाणीघराला जागा मिळावी म्हणून पायाकडचा एक कोपरा तिरका कापलेला. दुपारी पाऊस आला की एकानं पलंगावर पुस्तक घेऊन लोळावं, दुसऱ्यानं पुढे टीव्ही बघावा. फारच सुखाचं. पण भिंतीकडे झोपणाऱ्याला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून सरपटत बाहेर यावं लागतं. पंचेचाळिशीत हे गमतीचं वाटतं. पासष्टीनंतर गुडघे आणि मूत्राशय दोघेही तक्रार करतात.

त्या तक्रारीतून आयलंड बेड आला. पलंग मधोमध, दोन्ही बाजूंनी चालायला वाट, ज्याचा तो उतरतो. पण दोन वाटा म्हणजे गाडीतली जागा गेलीच. ती कुठून काढली? पुढच्या बैठकीतून. आयलंड बेडच्या पुष्कळ गाड्यांत सोफे इतके आखूड होतात की त्यांच्यावर आडवं होता येत नाही आणि चौथा पाहुणा आला तर तो कुठेतरी आखडून बसतो. दिवसा वाट मोकळी व्हावी म्हणून गादीचा उशाकडचा भाग उचलून पलंग मागे सरकवायची सोयही असते, म्हणजे ज्या जोडाजोडीतून सुटायला गाडी बदलली ती थोडी पुन्हा आलीच. तिसरा मार्ग दोन स्वतंत्र सिंगल पलंगांचा. तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, पण नवरा-बायको डीलरच्या देखत तो निवडायला लाजतात असं दिसतं. मग काही कंपन्या मध्ये ओढायच्या पट्ट्या देतात, हवं तेव्हा डबल करायला.

या मांडण्यांना नावंही असतात. ब्रिस्टलच्या बेली कंपनीच्या ‘युनिकॉर्न’ मालिकेत प्रत्येक मांडणीला एकेका स्पॅनिश शहराचं नाव आहे. ‘सेव्हिल’ म्हटलं की माहितगाराला दोघांची गाडी डोळ्यासमोर येते. ‘व्हॅलेन्सिया’, ‘कादिझ’ म्हणजे आणखी वेगळ्या. ईस्ट यॉर्कशरमधल्या कॉटिंगहॅमची स्विफ्ट कंपनी पुष्कळदा आकड्यांनी काम भागवते. जुन्या बाजारात बोलणं सुरू होतं ते याच नावा-आकड्यांवरून, आणि साल नंतर येतं.

किमतीचंही तसंच. एकाच कारखान्याची, एकाच सालची, सारख्याच निगेतली दोन वाहनं निव्वळ आतल्या मांडणीमुळे वेगवेगळ्या भावाला जातात. दोघांच्या मागच्या न्हाणीघराच्या गाडीला गिऱ्हाईक कायम असतं, कारण निवृत्त होणाऱ्यांची रांग कधी संपत नाही. बंकच्या गाडीचा भाव शाळांच्या सुट्ट्यांबरोबर हलतो: फेब्रुवारीपासून ईस्टरपर्यंत चढा, ऑक्टोबरात कोणी विचारत नाही. फ्रेंच बेड एके काळी सगळ्यांना हवा होता. आयलंड बेड आल्यावर त्याची ऐट उतरली, आणि म्हणून ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी तो आज चांगला सौदा आहे. मागच्या टोकाला स्वयंपाकघर असलेली जुनी मांडणी आता नव्या गाड्यांत जवळजवळ दिसत नाही. ती हवी असणारे थोडे, पण हट्टी. २०२० आणि २०२१ मध्ये परदेशी सहली बंद झाल्या तेव्हा सगळेच भाव वर गेले, बारा-पंधरा वर्षांच्या गाड्याही हातोहात गेल्या. त्या काळात घेणाऱ्यांना पुढे विकताना जमिनीवर यावं लागलं.

म्हणजे विकायचा मोसम आणि घ्यायचा मोसम हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. घेण्याआधी बघायचं तर बर्मिंगहॅमच्या एनईसी प्रदर्शन केंद्रात फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात मोठी प्रदर्शनं भरतात. एका दुपारी तिथे इतक्या मांडण्यांतून आत-बाहेर करता येतं की संध्याकाळी सगळ्या एकसारख्या वाटू लागतात. तिथे सही करू नये. त्यापेक्षा मनातली मांडणी आठवडाभर भाड्यानं घ्यावी, पावसाळी आठवडा मिळाला तर उत्तमच. रात्रीचे बिछाने घातल्यावर संडासापर्यंत वाट राहते का, एक जण ओट्याशी उभा असताना दुसरा मागून जाऊ शकतो का, घडीचं टेबल ठेवायला जागा कुठे आहे, ही उत्तरं प्रदर्शनातल्या दिव्यांखाली मिळत नाहीत.

आणि मांडणी पसंत पडली तरी ती ओढायची कशानं? इथे बऱ्याच जणांचा हिशेब फिसकटतो. दोघांची गाडी सामानासकट बाराशे-तेराशे किलोंत बसते. आयलंड बेड आणि दोन ॲक्सलची लांब गाडी सोळाशेच्या पुढे सहज जाते. मोटारीच्या नोंदलेल्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅरव्हॅन नवख्यानं ओढू नये, असा ब्रिटिश कॅरव्हॅन क्लबांचा जुना सल्ला आहे. मोटार १,६०० किलोंची असेल तर ही मर्यादा १,३६० किलो होते. ८५ टक्के हा सल्ला, कायदा नव्हे. कायद्याचा आकडा मोटारीच्या पट्टीवर कोरलेला असतो आणि तो ओलांडला तर दंडाबरोबर विम्याचाही प्रश्न येतो. परवान्याची अट मात्र सैल झाली आहे. १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना मोठा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून ती लागत नाही, ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो. परवाना मिळाला म्हणून मोटारीत ताकद येत नाही. पलंगाभोवती फिरायला जागा हवी म्हणून कॅरव्हॅन बदलायची, आणि ती ओढायला मोटार बदलायची, अशी ही साखळी आहे. ज्यांची मोटार पुरत नाही त्यातले काही जण जड गाडी एकाच कॅम्पसाइटवर वर्षभरासाठी भाड्याच्या जागेत ठेवून देतात आणि स्वतः फक्त जा-ये करतात.

आता सौदा. जुनी डीलरला द्यायची, वर पैसे भरायचे आणि दुसरी न्यायची, याला तिथे ‘पार्ट-एक्स्चेंज’ म्हणतात. जुन्या साड्या घेऊन भांडी देणारी बोहारीण ज्यांच्या दारात बसलेली आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. तिथे साडीची किंमत कोणी उच्चारत नाही, पातेल्याचीही नाही. दोन साड्यांवर आणखी एक पँट टाकली तर झाकण मिळेल का, एवढ्यावरच घासाघीस चालते. डीलरकडे मात्र दोन्ही आकडे मोठ्यानं उच्चारले जातात, आणि गिऱ्हाईक त्यातल्या चुकीच्या आकड्यावर खूश होतं.

समजा, एकाच मॉडेलची गाडी दोन डीलरांकडे आहे. पहिला म्हणतो, तुमच्या जुनीचे ९,००० पौंड देतो, माझीची किंमत २१,५००. दुसरा म्हणतो, जुनीचे ७,५०० देईन, माझी १९,५०० ला. घरी येऊन माणूस सांगतो, पहिल्यानं आपल्या गाडीची कदर केली. पण वर भरायची रक्कम पहिल्याकडे १२,५०० आहे आणि दुसऱ्याकडे १२,०००. विचारायचा प्रश्न एकच: जुनीची चावी देऊन मी वर किती भरायचे? तो आकडा मिळाल्याखेरीज बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. आणि ‘जुनी आणलीच नाही तर तुमची कितीला द्याल?’ हेही विचारावं. त्यातून डीलर आपल्या जुनीला खरोखर किती मोल देतो, ते वजाबाकीनं बाहेर येतं.

डीलरचा आकडा ऐकून राग येतो, कारण तशाच गाड्या त्याच्या आवारात दीड-दोन हजारांनी महाग उभ्या असतात. त्याचीही बाजू आहे. जुन्या मालावर तो नफ्याच्या फरकावर व्हॅट भरतो. ८,००० ला घेतलेली गाडी १०,४०० ला विकली तर २,४०० च्या फरकातला सहावा हिस्सा, म्हणजे ४०० पौंड, सरकारचे. मग सर्व्हिसिंग, धुणंपुसणं, टायर, आवाराचं भाडं, कर्जाचं व्याज. आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार त्याच्याकडून घेणाऱ्याला सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते. पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं, नव्हता हे डीलरनं सिद्ध करायचं. खाजगी विक्रेत्यावर यातलं जवळजवळ काही येत नाही. गाडी त्याच्या मालकीची हवी आणि वर्णन खोटं नको, बस. म्हणूनच खाजगी विक्रीत हातात जास्त येतात, पण घरी येणारी माणसं, उगाच चौकशा, ‘न बघताच घेतो, पैसे परदेशातून पाठवतो’ म्हणणारे भामटे, हेही पदरात येतं. जुनी विकली जाईपर्यंत नवीची जागा अडते, ते वेगळंच. माझ्या मते गाडी आठ-दहा वर्षांच्या आतली असेल तर डीलर गाठावा. फार जुनी असेल तर तो ती थेट व्यापारी लिलावात पाठवणार असतो आणि आकडाही तसाच सांगतो, तेव्हा खाजगी गिऱ्हाईक शोधण्याचा त्रास वसूल होतो.

डीलरचा माणूस जुनी तपासायला येतो तेव्हा मांडणी, साल, टायर यांच्याही आधी एक छोटं यंत्र खिशातून काढतो. त्याला दोन टोकं असतात, ती भिंतीला लावली की आतल्या ओलीचं प्रमाण टक्क्यांत दिसतं. सगळा सौदा याच्यावर टांगलेला असतो.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतल्या आणि या शतकाच्या पहिल्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश कॅरव्हॅनच्या भिंती अशा: बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत पातळ प्लायवुड, मध्ये पॉलिस्टायरीन, आणि सांध्यांना लाकडी पट्ट्या. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे बाजूला जोडायचा तंबू अडकवायची ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी स्क्रूंनी बसवलेली. स्क्रूंच्या भोवती मऊ लांबी भरलेली असते. काही वर्षांत ती वाळून कडक होते, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तडकते आणि ब्रिटिश पाऊस त्या केसाएवढ्या फटीतून आत शिरतो. पाणी लाकडातून खाली झिरपत जातं. डाग दिसतो तिथून गळतीची जागा हातभर लांब असते. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आतून लाकडाचा भुगा, अशी गाडी बघणाऱ्याला काही कळत नाही. खिडक्यांचे कोपरे, पुढच्या कपाटाच्या आतले कोपरे, बंकखालचा अंधार आणि न्हाणीघराची मागची भिंत, इथे यंत्र लावून बघतात. व्यवहारात १५ टक्क्यांपर्यंत कोणी काळजी करत नाही, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, त्याच्या वर दुरुस्ती, आणि ३० च्या पुढे सांगाडाच खराब झाल्याची शंका. यंत्र थंडीत आणि उन्हात थोडं वेगळं बोलतं, म्हणून एका आकड्यानं घाबरू नये. पण त्याच भिंतीवर शेजारच्या जागेपेक्षा दुप्पट आकडा आला तर घाबरावं.

बेली कंपनीनं २०१० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत भिंती घट्ट पकडून बाहेरच्या स्क्रूंची भोकं कमी केली. स्विफ्टनंही पुढे काही वर्षांतच सांगाड्यातलं लाकूड वगळलं. त्यामुळे अलीकडच्या गाड्यांची ओलीची भीती बरीच कमी झाली, संपली नाही. पाणी शिरण्याविरुद्ध कारखान्याची सहा किंवा दहा वर्षांची हमी असते, पण दरवर्षी ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग केलं तरच. एक वर्ष चुकवून दोन-अडीचशे पौंड वाचवणारा माणूस विकताना त्याच्या कित्येक पट गमावतो. जमीनही दाबून बघतात: दाराजवळ आणि ओट्यासमोर पाय ठेवल्यावर ती मऊ लागली, करकरली, तर प्लाय आणि फोम यांचा डिंक सुटला आहे. त्यावर उपाय आहे, भोकं पाडून आत राळ भरतात. विकण्याआधी ते करून घेतलेलं बरं. टायरची नक्षी शाबूत असली तरी कडेवरचे चार आकडे वाचावेत: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उभ्या राहून राहून टायर आतून म्हातारे होतात. पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे ठेवू नयेत, असं तिथे सांगतात.

कागदपत्रांच्या बाबतीत कॅरव्हॅन मोटारीपेक्षा बेवारशी. तिला स्वतःचा नंबर नाही; ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर मागे लावायचा. सरकारी नोंदणी पुस्तक नाही, दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही. चोरांना यापेक्षा काय हवं? म्हणून १९९२ पासून कॅरव्हॅन उद्योगानंच ‘क्रिस’ नावाची नोंदणी सुरू केली: प्रत्येक गाडीला सतरा आकडी-अक्षरी क्रमांक, तो चासीवर आणि खिडक्यांवर कोरलेला, आणि सांभाळणाऱ्याच्या नावाचा कागद. हा कागद मालकीचा पुरावा नव्हे. तरी तो विकणाऱ्याच्या पत्त्याशी आणि खिडक्यांवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. एखाद्या खिडकीवर क्रमांक घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरावं. गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना, तेही थोडे पैसे भरून तपासता येतं. आणि बघायला जायचं ते विकणाऱ्याच्या घरी. हमरस्त्याच्या कडेला ‘इथेच भेटू’ म्हणणाऱ्याकडे नव्हे.

राहिल्या फुटकळ वस्तू, आणि त्यांच्यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. चाकांना रोलर लावून रिमोटनं गाडी हलवणारा ‘मूव्हर’ महागाचा असतो, पण जुन्या गाडीत तो असल्याबद्दल डीलर फारसं काही देत नाही. काढून नव्या गाडीला बसवायची मजुरी पडते, आणि नवी दोन ॲक्सलची असेल तर बहुधा तो पुरतच नाही. गॅसच्या टाक्या विकायच्या म्हटल्या तर त्या आपल्या नसतातच. कॅलरसारख्या कंपन्यांच्या टाक्या कायम कंपनीच्या मालकीच्या राहतात, आपण पैसे भरलेले असतात ते गॅसचे आणि टाकी वापरण्याच्या कराराचे. बाजूला जोडायचा मोठा तंबू, म्हणजे ऑनिंग, हा तर हमखास विसरला जाणारा खर्च. त्याचं माप जमिनीपासून निघून छतावरच्या खाचेतून पलीकडे पुन्हा जमिनीपर्यंतच्या घेरानं घेतात, सेंटिमीटरमध्ये, आणि प्रत्येक मॉडेलचं वेगळं. ९७५ चा ऑनिंग १०५० च्या गाडीला लागत नाही. जुन्या गाडीबरोबरच तो देऊन टाकावा. डीलरला नको असेल तर ज्याच्या घेराला बसतो त्याला वेगळा विकावा.

शेवटी मुदत. सौदा जानेवारीत ठरतो, नवी गाडी एप्रिलात मिळते आणि मधले तीन महिने जुनी आपल्याच दारात पावसात उभी असते. ती आणून सोडण्याच्या दिवशी डीलर ओलीचं यंत्र पुन्हा लावतो, आणि ‘तेव्हा एवढी ओल नव्हती’ म्हणून वर भरायची रक्कम वाढवायचा त्याला हक्क असतो, कारण करारात बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. म्हणून पहिल्या तपासणीच्या दिवशीच कुठल्या भिंतीवर किती आकडा आला ते तारखेसकट कागदावर घ्यावं, आणि जुनी खाली करताना न्हाणीघरातली छताची खिडकी नीट बंद आहे का ते बघावं.